कोकण किनाऱ्यावर एनडी फिल्टर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत ट्रायपॉड खांद्यावर टाकून फिरणारे लोक जे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरं इथे आहेत. वेगळं सांगितलं नसेल तिथे आकडे आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि एफ/११ (भिंगाच्या छिद्राचं माप, आकडा मोठा तसं छिद्र लहान) धरून दिले आहेत.

१. एनडी फिल्टर म्हणजे कॅमेऱ्याचा गॉगलच ना?

जवळजवळ. गॉगलला रंगाची छटा असली तरी चालते, एनडीला (न्यूट्रल डेन्सिटी) चालत नाही, एवढाच फरक. ही करडी काच सगळ्या रंगांचा प्रकाश सारखाच अडवते, म्हणून शटर जास्त वेळ उघडं ठेवता येतं. त्या वेळात लाट, ढग, धबधबा असं जे हलतं ते पसरून उमटतं. कातळ, बुरूज, दीपगृह जागचे हलत नाहीत, ते रेखीव राहतात. फोटो गडद होत नाही, कारण अडवलेला प्रकाश आपण वेळ वाढवून भरून काढतो.

२. एफ/२२ वर नेलं की शटर आपोआप मंद होतं. मग फिल्टरवर पैसे कशाला घालवायचे?

एफ/११ वरून एफ/२२ वर गेलात तर फक्त २ स्टॉप मिळतात (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). एनडी६४ तुम्हाला ६ देतो, एनडी१००० दहा. शिवाय एफ/१६ च्या पुढे विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो) सगळं चित्र किंचित मऊ पडतं आणि सेन्सरवरची धूळ आभाळात काळ्या ठिपक्यांसारखी उठून दिसते. एफ/८ ते एफ/११ मध्ये राहा.

३. एका डब्यावर एनडी८, दुसऱ्यावर ०.९, तिसऱ्यावर ३ स्टॉप लिहिलंय. यातला कोणता कडक?

तिन्ही एकच. स्टॉपमागे घनता ०.३ ने वाढते आणि गुणक, म्हणजे एनडीपुढचा आकडा, दुप्पट होतो. ३ स्टॉप म्हणजे ०.९ म्हणजे एनडी८, ६ स्टॉप म्हणजे १.८ म्हणजे एनडी६४, १० स्टॉप म्हणजे ३.० म्हणजे एनडी१०००. दोन फिल्टर एकावर एक लावले तर स्टॉपची बेरीज करा आणि गुणकांचा गुणाकार: एनडी८ आणि एनडी६४ मिळून ९ स्टॉप, म्हणजे एनडी५१२.

डब्यावरच्या आकड्यावर मात्र डोळे झाकून विश्वास नको. स्वस्त फिल्टरात अर्धा-एक स्टॉप इकडेतिकडे असणं नेहमीचं. घरी पांढऱ्या भिंतीचा एक फोटो फिल्टरशिवाय आणि एक हिशेबाने वेळ वाढवून फिल्टर लावून काढा, हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) शेजारीशेजारी ठेवा. फरक जेवढा निघेल तेवढा फिल्टरच्या डबीवर पेनने लिहून ठेवा.

४. बजेट एकाच फिल्टरचं आहे. १० स्टॉपचा घेऊ ना?

नको, ६ स्टॉपचा घ्या. १० स्टॉपवाला आधी घेऊन नंतर कपाटात ठेवलेले लोक बरेच आहेत. आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. सकाळी सूर्य मागच्या डोंगराआडून उशिरा वर येतो, तोवर पुळणीवर सावलीतला मऊ उजेड असतो. संध्याकाळी सूर्य समुद्रात उतरतो आणि उजेड भराभर पडतो. फोटोला चांगल्या या दोन्ही वेळांना ६ स्टॉप पुरतात. १० स्टॉप लागतो तो भर दुपारी, किंवा ढगांच्या रेघा ओढायच्या असतील तेव्हा.

माप तुमच्या सर्वांत मोठ्या भिंगाचं घ्या, बहुतेकांच्या बाबतीत ७७ किंवा ८२ मिमी, आणि छोट्या भिंगांना स्टेप-अप रिंग लावा. रिंगवर भिंगाचा हूड बसत नाही. बाजूने ऊन येत असेल तर टोपीने किंवा छत्रीने आडोसा करा.

५. फिल्टर लावल्यावर शटर किती ठेवायचं हे पटकन कसं काढायचं?

१० स्टॉपचा फिल्टर असेल आणि फिल्टरशिवाय मोजलेलं शटर १/६० असेल, तर १००० भागिले ६०, म्हणजे १६-१७ सेकंद. १/१२५ ला ८ सेकंद, १/३० ला ३३, १/८ ला १२५ सेकंद म्हणजे दोन मिनिटांच्या थोडं वर. ६ स्टॉपला १००० ऐवजी ६४ घ्या: १/१५ ला साधारण ४ सेकंद, १/६० ला १ सेकंद. मोबाइलवर यासाठी अॅप मिळतात, पण हा भागाकार तोंडी होतो आणि ओल्या हाताने स्क्रीन चालत नाही.

६. पाणी दुधासारखं होतं, पण फोटो मेल्यासारखा दिसतो. काय चुकतंय?

वेळ जास्त होतेय. समुद्राच्या फोटोत सेकंद म्हणजे चव आहे आणि प्रत्येक सेकंदाची चव निराळी.

१/४ ते १ सेकंदात लाटेला अंग राहतं. पाणी कातळावरून परत ओघळताना त्याच्या रेघा उमटतात. २ ते ५ सेकंदांत फेसाच्या लांब दोऱ्या ओढल्या जातात. १५-३० सेकंदांत फेसाचं धुकं होतं आणि खडपं ढगातून वर आलेल्या शिखरांसारखी दिसतात. २ मिनिटांच्या पुढे समुद्राची पाटी होते. तिथे पाणी हा विषयच उरत नाही, आभाळ किंवा एखादा एकटा बुरूज उरतो. आरे-वारेसारख्या लांब उघड्या पुळणीवर चार मिनिटांचा फोटो बहुधा रिकामा वाटतो. समोर सुवर्णदुर्ग असेल तर तेच चार मिनिटं शोभतात.

छोट्या वेळात दाबायचा क्षण महत्त्वाचा. लाट येताना दाबलंत तर नुसता पांढरा डाग मिळतो. लाट कातळावर आदळू द्या, फेस वर चढू द्या, तो क्षणभर थांबतो. मग पाणी खाचांमधून मागे सरकायला लागतं, रेतीवर फेसाची कड सुटते, तेव्हा दाबा. सगळ्या रेघा त्या माघारीत आहेत. एका जागी वीस-पंचवीस फोटो काढावे लागतात आणि त्यातले दोन राहतात, हे धरूनच चला.

७. फिल्टर लावल्यावर फोकसच होत नाही. आधी काय, नंतर काय?

१० स्टॉपमधून कॅमेऱ्याला धड दिसत नाही, म्हणून सगळं ठरवून झाल्यावर काच शेवटी चढवायची. ट्रायपॉड रोवून फ्रेम पक्की करा. फोकस करा आणि लगेच मॅन्युअलवर टाका. फिल्टरशिवाय चाचणी फोटो काढून हिस्टोग्राम पाहा, शटरचा आकडा लक्षात ठेवा. भिंगातलं किंवा बॉडीतलं स्टॅबिलायझेशन बंद करा. आता फिल्टर हलक्या हाताने चढवा, फोकसची रिंग फिरू देऊ नका. प्रश्न ५ प्रमाणे वेळ काढा. बहुतेक कॅमेरे ३० सेकंदांवर थांबतात, पुढे बल्ब मोड (हवा तेवढा वेळ शटर उघडं ठेवायची सोय) आणि केबल रिलीज (कॅमेऱ्याला हात न लावता शटर दाबायची वायर) लागते.

डीएसएलआर असेल तर मागची आयपीस झाका. मागून शिरलेल्या उजेडाचा जांभळट पट्टा फोटोच्या मधोमध येतो आणि दोष बिचाऱ्या फिल्टरला लागतो. मिररलेसला ही भानगड नाही.

८. भरतीला जावं की ओहोटीला? आणि ती वेळ कशी कळणार?

मासेमारी करणाऱ्या कुणालाही विचारा, तो घड्याळाआधी तिथी विचारेल. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची साधारण वेळ येते. चतुर्थीला ४ गुणिले पाऊण म्हणजे ३, भरती दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास. अष्टमीला सहाच्या सुमारास. पुनवेला आणि अवसेला सव्वाअकरा-बाराकडे. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी, आणि दर दिवशी वेळ साधारण पन्नास मिनिटांनी पुढे जाते. हा अंदाज आहे, जागेप्रमाणे तासभर मागेपुढे होतो. पाण्याजवळ उभं राहायचं असेल तर भरतीचं छापील किंवा अॅपमधलं कोष्टकही बघाच.

यातून फोटोवाल्यांना कामाची गोष्ट निघते. पुनव-अवसेच्या आसपास सूर्यास्त आणि ओहोटी जवळजवळ एकत्र येतात, आणि ती उधाणाची ओहोटी असते, पाणी खूप मागे जातं. एरवी बुडालेली खडपं, डबकी, वाळूवरच्या लाटांच्या वळ्या संध्याकाळच्या उजेडात मोकळ्या मिळतात. अष्टमीच्या आसपास उलट. सूर्यास्ताला भरती, पण भांगाची, फार न चढणारी. ती कातळकड्याला धडकणाऱ्या पाण्यासाठी बरी.

उत्तरेला मुंबई-अलिबागकडे उधाणाचा चढउतार चार मीटरच्या आसपास जातो, मालवण-वेंगुर्ल्याकडे दोनच्या आसपास. अलिबागला ओहोटीत कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जाता येतं, त्याचं कारण हेच. परतीची वेळ चुकली तर तिथेच अडकायला होतं, त्याचंही कारण हेच. हरिहरेश्वरचा कड्याखालचा प्रदक्षिणा मार्ग भरतीत पाण्याखाली जातो. कुठेही खडपावर उतरण्याआधी पंधरा मिनिटं कोरड्यात उभं राहून सर्वांत मोठी लाट कुठवर येते ते पाहा. समुद्राकडे पाठ करून फिल्टर बदलू नका, आणि चप्पल काढू नका. शेवाळावरून घसरायला होतं ते वेगळं, कालवांच्या कडांनी तळवे फाटतात.

९. ट्रायपॉड भक्कम आहे, तरी वाळूतले फोटो हललेले येतात.

ट्रायपॉड हलत नाही, त्याच्या खालची वाळू हलते. लाट परतताना पायाभोवतीची रेती ओढून नेते आणि एखादा पाय अर्धा सेंटिमीटर खचतो. पाय दाबून, हलवून, आणखी खचणार नाहीत इतके खोल रोवा. पहिली लाट जाऊ द्या, पुन्हा दाबा, मग फ्रेम जुळवा. मधला दांडा वर उचलू नका. पिशवी लटकवायची तर खालून जमिनीला टेकेल अशी लटकवा, झोके घेणारी पिशवी शिडाचं काम करते. पायांचा सर्वांत खालचा टप्पा आधी उघडा, म्हणजे सांधे पाण्याच्या आणि रेतीच्या वर राहतात.

१०. १० स्टॉपचा फोटो तपकिरी दिसतो. काच खराब निघाली का?

कडक एनडी डोळ्यांना दिसणारा प्रकाश अडवतात, पण इन्फ्रारेड त्या प्रमाणात अडवत नाहीत. तो सेन्सरवर पोचला की काळा कातळ आणि सावल्या लालसर-तपकिरी होतात. आयआर-एनडी प्रकारच्या फिल्टरात त्याला वेगळा थर असतो. सगळीकडे एकसारखी छटा असेल तर रॉ मध्ये (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) काढून व्हाइट बॅलन्स बदलला की भागतं. जिथे जांभा आहे तिथे मात्र जपून. जांभ्याचा तांबूस रंग खरा असतो, छटा म्हणून तोही पुसाल. फिल्टरशिवायचा चाचणी फोटो ठेवला असेल तर तुलना करता येते.

११. फिरवून कमीजास्त होणारा व्हेरिएबल एनडी घेतला तर एकात सगळं नाही का भागणार?

व्हिडिओला भागतं. स्थिर फोटोत, विशेषतः २४ मिमीपेक्षा रुंद भिंगावर, कडेपर्यंत फिरवला की आभाळात काळी फुली उमटते. आत दोन पोलरायझर (चकाकी कापणाऱ्या काचा) एकमेकांवर असतात आणि रुंद कोनात त्यांचा परिणाम सगळीकडे सारखा पडत नाही. ती फुली नंतर काढता येत नाही. घेतलाच असेल तर लिहिलेल्या शेवटच्या खुणेच्या बरंच अलीकडे थांबा, आणि त्यावर आणखी पोलरायझर लावू नका.

१२. आभाळ पांढरं फटक येतं. ग्रॅज्युएटेड हार्ड घेऊ की सॉफ्ट?

ग्रॅज्युएटेड म्हणजे वर गडद, खाली साफ काच; हार्डमध्ये मधली रेघ ठळक, सॉफ्टमध्ये ती हळूहळू विरते. समोर नुसतं क्षितिज असेल तर हार्ड. आपल्याकडे फ्रेममध्ये बहुधा डोंगराचं नाक किंवा माडांची रांग घुसते, हार्डची रेघ त्यांची डोकी काळी करते, म्हणून ३ स्टॉपचा सॉफ्ट जास्त वेळा कामी येतो. सूर्य पाण्याला टेकलेला असताना सर्वांत प्रखर पट्टा क्षितिजावर असतो, आभाळाच्या माथ्यावर नाही. त्याला रिव्हर्स ग्रॅज्युएटेड (मधल्या रेघेपाशी सर्वांत गडद) असतो. तो नसेल तर दोन एक्स्पोजर काढून जोडा.

१३. पाणी छान येतं, पण नांगरलेल्या होड्या आणि माडांच्या झावळ्या पुसट होतात.

होडी पाण्यावर आहे, ती हलणारच. हर्णै किंवा मालवण बंदरात होड्या हव्या असतील तर अर्ध्या सेकंदाच्या आत राहा, किंवा ओहोटीला चिखलात टेकलेल्या होड्या शोधा. दुसरा मार्ग: फ्रेम न हलवता एक फोटो आयएसओ वाढवून १/१२५ ला, फिल्टर काढून, आणि एक लांब. होडी पहिल्यातून घ्या, पाणी दुसऱ्यातून. होडीखालचं प्रतिबिंब विसरलात तर जोड लगेच कळतो.

झावळ्यांसाठी वेळ बदला. दुपारनंतर समुद्राकडून खारे वारे सुटतात, पहाटे जमिनीकडून येणारे मतलई वारे मंद असतात. सकाळी सात-साडेसातपर्यंत माड बऱ्यापैकी शांत असतो.

१४. फोटोत सूर्याभोवती पांढुरके गोल डाग येतात. फिल्टर पुसला होता तरी.

पुसला म्हणूनच. तुषार काचेवर वाळले की मिठाचे कण उरतात आणि कोरड्या फडक्याने ते काचभर फासले जातात, कोटिंगवर बारीक ओरखडे उठतात ते वेगळेच. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून पाहा, जी धुकट गोलाकार पुटं दिसतात ती खार.

आधी ब्लोअर मारा. मग फिल्टर भिंगावरून काढून बाटलीतल्या गोड्या पाण्याने धुवा, मायक्रोफायबरने टिपा, घासू नका. व्हेरिएबल एनडी असा धुवायचा नाही, दोन काचांमध्ये पाणी शिरलं की निघत नाही, त्याला ओलसर फडकंच. ट्रायपॉडचे पाय त्याच रात्री गोड्या पाण्यात खंगाळा आणि उघडे ठेवून वाळवा. ओले मिटून ठेवलेले पाय पुढच्या वेळी उघडताना करकरतात.

एसी गाडीतून किंवा खोलीतून थेट पुळणीवर आलात तर काच धुकटते, ती खार नाही. पिशवी बंदच ठेवून वीस-तीस मिनिटं बाहेरच्या हवेशी जुळू द्या.

१५. फिल्टर भिंगावर घट्ट बसलाय, निघतच नाही.

खार आणि रेतीचा एक कण आट्यात पुरेसा होतो. जोर लावून आवळू नका, रिंग लंबगोल होते आणि आणखी अडकते. कडेभोवती रुंद रबरबँड गुंडाळा किंवा भांडी घासायचा रबरी हातमोजा घाला, तळवा सपाट ठेवून हलकं दाबत फिरवा. पितळी रिंग अॅल्युमिनियमपेक्षा कमी अडकते.

१६. पावसाळ्यात धबधब्याला कोणता एनडी?

बहुधा कोणताच नाही. आंबोलीला किंवा मार्लेश्वरच्या धारेश्वराला मळभात, झाडीखाली, फिल्टरशिवायच १/४ सेकंदाच्या आसपास शटर येतं. तिथे पोलरायझर लावा. तो एक-दोन स्टॉप खातो आणि ओल्या दगडांवरची, पानांवरची चकाकी कापतो, हिरवा दाट होतो. १/४ ते १ सेकंद पुरे. पाण्याच्या झोतात पांढरं जळत असेल तर वेळ कमी करा, जळलेलं परत येत नाही.

१७. दोन मिनिटांचा फोटो संपला, तरी कॅमेरा आणखी दोन मिनिटं बिझी दाखवतो. हँग झाला का?

नाही. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन चालू आहे. कॅमेरा शटर बंद ठेवून तेवढ्याच वेळाचा दुसरा फोटो घेतो आणि सेन्सरच्या गरमीने उमटलेले रंगीत ठिपके पहिल्यातून वजा करतो. एप्रिल-मेच्या उकाड्यात हे ठिपके जास्त येतात. उजेड निसटत असताना मात्र ते बंद ठेवा, ठिपके नंतर संगणकावर काढता येतात.

१८. सूर्य बुडाल्यावर हिशेबाप्रमाणे वेळ दिला, तरी फोटो काळा आला.

हिशेब लावला तेव्हाचा उजेड आणि शटर बंद झालं तेव्हाचा उजेड एक नव्हता. सूर्यास्तानंतर आपल्याकडे दर तीन-चार मिनिटांना साधारण एक स्टॉप उतरतो. फिल्टरशिवाय १/२ सेकंद लागत असेल तर १० स्टॉपला ५१२ सेकंद, म्हणजे साडेआठ मिनिटं. तेवढ्यात अंधार. या वेळेला १० स्टॉपचा काढून ६ किंवा ३ स्टॉपचा लावा, आणि एक मिनिटाच्या पुढच्या एक्स्पोजरला हिशेबापेक्षा तिसरा हिस्सा वेळ जास्त द्या. पहाटे उलट, वेळ कमी धरा.

१९. एनडी१००० मधून ग्रहण पाहिलं तर चालेल?

नाही. डोळ्यांनी नाही आणि डीएसएलआरच्या ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधूनही नाही. अंधार दिसतो म्हणून सुरक्षित वाटतं, पण प्रश्न १० मध्ये सांगितलेला इन्फ्रारेड डोळ्यापर्यंत पोचतो. सूर्यासाठी वेगळे सोलर फिल्टर असतात, ते १० स्टॉपपेक्षा कितीतरी कडक असतात.

२०. रात्री निळ्या चमकणाऱ्या लाटांसाठी एनडी लावू का?

अजिबात नको, तिथे उजेडच कमी पडतो. भिंग पूर्ण उघडा, आयएसओ १६०० ते ३२००, ५ ते १५ सेकंद. अवसेच्या आसपासची रात्र निवडा आणि टॉर्च बंद ठेवा.

२१. सिंधुदुर्ग किंवा विजयदुर्गात ट्रायपॉड लावला तर अडवतात. का?

हे किल्ले केंद्र सरकारची संरक्षित स्मारकं आहेत. आत ट्रायपॉड लावायला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची आगाऊ परवानगी लागते, हातात धरून काढायला सहसा अडचण येत नाही. किल्ला समोर ठेवून लाटांचा फोटो काढायचा असेल तर ट्रायपॉड बाहेर पुळणीवर लावा. मालवणच्या किनाऱ्यावरून सिंधुदुर्ग संध्याकाळी उजेडाच्या विरुद्ध येतो, तटाची काळी रेघ मिळते. तटाचे दगड दिसायला हवे असतील तर सकाळी या, तेव्हा ऊन तुमच्या पाठीमागून त्याच्यावर पडलेलं असतं.